ईस्टरचे खेळ व बक्षिसांचा सोस

ईस्टरच्या सणास मुलांनीं खेळावें कीं नाहीं, आणि खेळावें तर काय खेळावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. परंतु ज्यांस शाळेचें पटांगण व शब्बाथशाळेचा वर्ग हीं दोन्हीं नित्य पाहावीं लागतात, त्यांस तो तसा वाटणार नाहीं. मंडळींतील कित्येक वडील माणसांच्या मतें पुनरुत्थानाच्या पवित्र दिवशीं अंडीं लपविणें, तीं उतारावरून गडगडत सोडणें वगैरे प्रकार परकीय व पोरकट होत. उपासना संपतांच मुलांनीं मुकाट्यानें घरीं जावें हेंच बरें. दुसरा पक्ष उत्साही लोकांचा. हे लोक बाजारांतून चॉकलेटचीं अंडीं, सशाचे मुखवटे व झगमगीत कागदांत गुंडाळलेलीं बक्षिसें आणतात, आणि अर्ध्या घटकेंत सर्व आटोपून कोणास किती मिळालें याची मोजदाद करीत घरोघर परततात. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहींत. ईस्टरला मुलांनीं अवश्य खेळावें असें आमचें मत आहे. आणि त्या खेळांत बक्षीस मुळींच असूं नये, हेंही आमचें तितकेंच ठाम मत आहे. आमचे विद्यार्थी व त्यांचे आईबाप यांच्यापुढें आम्ही तेंच येथें मांडणार आहों.

प्रथम अंड्याविषयीं. ईस्टर हें नांवच मुळीं मूर्तिपूजक लोकांच्या एका देवतेचें आहे, मग त्या दिवसाचे खेळ तरी शुद्ध कसे असतील, असा आक्षेप आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. बीड नांवाच्या इंग्लंडांतील विद्वान साधूनें इ. स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत अशा एका देवतेचा उल्लेख आहे खरा. परंतु तो उल्लेख महिन्याच्या नांवासंबंधीं आहे; अंड्यांविषयीं तेथें अक्षरही नाहीं. शिवाय हें नांव इंग्रज, जर्मन अशा थोड्याच लोकांचें आहे. ग्रीक, फ्रेंच, इटालियन इत्यादि भाषांत या सणास पास्खा या शब्दावरून निघालेलींच नांवें आहेत, आणि पास्खा म्हणजे आपल्या शास्त्रांतलें वल्हांडण.

अंडें या सणांत शिरलें तें स्वयंपाकघराच्या दारानें. पूर्वीं ईस्टरच्या आधींच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळांत युरोपांतील ख्रिस्ती लोक मांसाबरोबर अंडींही वर्ज्य करीत. कोंबडीस मात्र उपवासकाळ ठाऊक नसतो! वसंत ऋतु लागला कीं ती नेमानें अंडीं घालूं लागे. हीं सांठलेलीं अंडीं सणाच्या दिवशीं बाहेर निघत व रंगवून मुलांच्या वांट्यास येत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबांत ईस्टरसाठीं ४५० अंडीं १८ पेन्सांस घेतल्याची नोंद आहे. त्यांस सोनेरी वर्ख लावून तीं राजघराण्यांतील मंडळींस वांटण्यांत आलीं. कवच फोडून पिलूं बाहेर येतें, म्हणून अंडें हें उघडलेल्या कबरेचें चिन्ह, अशीही शिकवण पुष्कळ ठिकाणीं देतात. ती सुंदर आहे व मुलांस ती अवश्य सांगावी. तथापि जें घर चाळीस दिवस आवरून राहिलें, त्या घराचा उपवास सुटल्याचा आनंद हेंच या खेळाचें मूळ होय, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप गांभीर्याचा. उत्तम शुक्रवारीं मुलांनीं शांत असावें हें आम्ही निःशंकपणें मान्य करतों. परंतु ईस्टरचा दिवस शोकाचा नव्हे, आणि त्या दिवशींच्या सकाळीं कोणी मुकाट्यानें चालत घरीं गेल्याचें शास्त्रांत तरी दिसत नाहीं. योहानकृत शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडून पाहा. मग्दालीया मरीयेनें वर्तमान आणतांच पेत्र व दुसरा एक शिष्य कबरेकडे धांवत सुटतात. दुसरा शिष्य पेत्रास मागें टाकतो व आधीं पोंचतो. एवढ्या थोर घटनेच्या वर्णनांत कोण पुढें धांवला ही बारीकशी गोष्ट सुवार्तिकानें वगळली नाहीं. पण तो शिष्य तेथें पोंचून काय करतो? तो वांकून पाहतो, आंत मात्र शिरत नाहीं. मागून पेत्र येतो व तोच आधीं आंत जातो. पहिला कां थांबला हें शास्त्र सांगत नाहीं, आणि आम्ही त्यावर प्रवचन करणार नाहीं. परंतु ईस्टरच्या सकाळीं जो जलद धांवला तो दाराशीं उभा राहिला व ज्यास उशीर झाला तो पुढें गेला, हें दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. आणि त्याच्या शेजारीं जेव्हां आम्ही आमच्या मुलांच्या अंडीं शोधण्याच्या खेळाचें दृश्य ठेवतों, तेव्हां दोहोंतला फरक फार बोंचतो.

हा अंडीं शोधण्याचा खेळ सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत अधिक बिघडलेलाही हाच. त्याचें मूळ जर्मन लोकांत आहे. तेथें मुलांस सांगत कीं, ईस्टरचा ससा येऊन बागेंतल्या गवतांत अंडीं लपवून जातो. आणि मुलें त्याच्यासाठीं गवताचीं घरटीं करून ठेवीत. गेओर्ग फ्रँक फॉन फ्रँकनाउ या वैद्यानें १६८२ सालीं लॅटिन भाषेंत लिहिलेल्या एका निबंधांत या चालीचें वर्णन आहे. आणि स्वतः वैद्य असल्यामुळें फार अंडीं खाल्ल्यानें पोटास काय होतें हेंही बजावण्यास तो विसरला नाहीं. पुढें इंग्लंडच्या राजघराण्यांतही ही चाल आली. राजकन्या व्हिक्टोरिया हिची आई जर्मन होती. १८३३ सालच्या ईस्टरला आईनें सजविलेलीं अंडीं आपण शोधलीं अशी नोंद या तेरा वर्षांच्या राजकन्येच्या रोजनिशींत आहे.

या खेळाचा मूळ स्वभाव घरगुती आहे. बाग घरची, शोधणारीं भावंडें चारपांच, आणि लपविणारी आई. धाकट्याचें अंडें त्याच्या गुडघ्याएवढ्या झुडुपाखालीं ठेवावें व थोरल्याचें फांदीच्या बेचक्यांत, हें त्या माउलीस न सांगतां कळतें. हाच खेळ शंभर-दीडशें मुलांच्या पटांगणांत आणला, आणि ज्याची टोपली जड त्याला बक्षीस असें पुकारलें, कीं त्याचा स्वभाव पालटतो. शिटी वाजते. वरच्या वर्गांतले दांडगे मुलगे दोन मिनिटांत सारें पटांगण पिंजून काढतात. अंगरख्याच्या ओंजळी करून अंडीं गोळा करतात. आणि बालवर्गांतलें एखादें पोर, ज्याला अंडें कोठें आहे हें दिसलेलें असतें, तें तेथवर जाईपर्यंत तेथें नुसतें दबलेलें गवत राहतें. मग बक्षीस समारंभ. ज्या मुलाला आधींच सर्वांहून अधिक मिळालें, त्यालाच आणखी एक वस्तु द्यावयाची व सर्वांनीं टाळ्या वाजवावयाच्या. रिकामी टोपली घेतलेल्या त्या पोरानेंही! पुनरुत्थानाच्या दिवशीं आम्ही त्याला हें काय शिकवितों?

यांत दोष केवळ मुलांचा आहे असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरीं २०१२ सालीं एक सार्वजनिक खेळ रद्द करावा लागला, आणि तोही मुलांमुळें नव्हे. आदल्या वर्षीं खेळाच्या जागेभोंवतीं दोर बांधून मोठ्या माणसांस बाहेर उभें राहण्यास सांगितलें होतें. आपल्या बाळास अंडें मिळालेंच पाहिजे या हव्यासानें आईबापच दोर ओलांडून आंत घुसले. हजारों अंडीं पाहतां पाहतां संपलीं, आणि कित्येक मुलांच्या हातीं एकही लागलें नाहीं. हें वृत्त वाचून आमच्याकडील पालकांनीं हंसूं नये. आमच्या वार्षिक खेळांच्या दिवशीं धांवण्याच्या शर्यतीच्या रेषेवर कोण उभे असतात व कोणास मागें ढकलावें लागतें, हें आमच्या शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे.

मग हा खेळ टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. शोधण्यांत जो आनंद आहे तो मिळण्यांतल्या आनंदाहून मोठा आहे, आणि तो मुलांपासून हिरावून घेण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. फक्त नियम बदलावे. एक उपाय रंगांचा. खेळणाऱ्या प्रत्येक मुलास एकेक रंग नेमून द्यावा. तांबड्या रंगाच्या मुलास हिरवें अंडें दिसलें तर त्यानें तें उचलूं नये व ओरडून सांगूंही नये. हें मौन पाळणें मुलांस किती अवघड जातें व त्यांत त्यांस किती गंमत वाटते, हें प्रत्यक्ष पाहिल्याविना कळणार नाहीं. मुलें फार असतील तर रंगांऐवजीं संख्या नेमावी. प्रत्येकाचीं तीन झालीं कीं त्यानें आपली टोपली खालीं ठेवून ज्याचीं झालीं नसतील त्याच्याबरोबर हिंडावें. परंतु आम्हांस सर्वांत आवडतो तो जोड्यांचा प्रकार. वरच्या वर्गांतला एक व खालच्या वर्गांतला एक अशी जोडी करावी. थोरल्यानें चिठ्ठीवरचें कोडें वाचावें व उलगडावें. उचलण्याचा हक्क धाकट्याचा. कोडीं शास्त्रांतलींच करावीं. जक्कय कशावर चढला होता? मग पटांगणांतल्या झाडाकडे जावें. गालीलाच्या समुद्रकांठीं पुनरुत्थित प्रभूनें शिष्यांसाठीं न्याहारी कशावर सिद्ध केली होती? मग चुलीकडे. शोमरोनी स्त्री त्याला कोठें भेटली, हें कोडें घालावयाचें असेल तर मात्र अंडें माठाजवळ ठेवावें. खऱ्या विहिरीकडे मुलांस पाठवूं नये. शेवटीं सर्व जोड्यांनीं आपलीं अंडीं एका मोठ्या पाटींत आणून ओतावीं. पाटी सर्वांची. कोणाचीं किती हें कोणीं मोजूं नये, आणि शिक्षकांनीं तर मुळींच मोजूं नये.

अंध मुलांसाठीं अमेरिकेंत आवाज करणारीं अंडीं तयार करतात. तीं गवतांत ठेवलीं म्हणजे मुलें कानांनीं शोधतात. ज्यानें ही युक्ति काढली त्यानें खेळाचें मर्म ओळखलें असें आम्ही म्हणतों. आमच्याकडे डब्यांत घड्याळ किंवा घुंगरूं घालूनही असें कांहीं करतां येईल.

अंडें गडगडविण्याचा खेळ इंग्लंड व स्कॉटलंड या देशांतला. लँकॅशायर परगण्यांतील प्रेस्टन या शहरीं ॲव्हनहॅम बागेच्या हिरव्या उतारावर ईस्टरच्या सोमवारीं मुलें रंगीत उकडलेलीं अंडीं सोडतात, आणि हा रिवाज तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कबरेवरची धोंड लोटली गेली तिची ही आठवण, असें कित्येक सांगतात. अमेरिकेच्या राजधानींत मुलें हाच खेळ प्रतिनिधिसभेच्या इमारतीच्या टेकाडावर खेळत. तेथील हिरवळ खराब होते म्हणून १८७६ सालीं कायदा करून तेथें खेळण्यास बंदी झाली. १८७८ सालीं अध्यक्ष हेझ यांनीं आपल्या निवासस्थानाचें अंगण या मुलांस मोकळें करून दिलें, आणि युद्धकाळ, रोगाची सांथ अशा कारणांनीं पडलेले खंड सोडले तर तो खेळ अद्याप तेथें चालतो. या खेळाचा तेथें पूर्वींपासून एक नियम आहे: कोणाही मोठ्या माणसास लहान मुलाच्या सोबतीविना आंत येतां येत नाहीं. त्यामुळें एके काळीं कांहीं चलाख पोरें पैसे घेऊन परक्या गृहस्थांस आपल्या बरोबर आंत नेत! पोरांचा हा व्यापार आम्हांस पसंत नाहीं, परंतु नियम मात्र फारच पसंत आहे.

या खेळांतली खुबी अंड्याच्या आकारांत आहे. त्याचें एक टोंक बोथट व दुसरें निमुळतें, म्हणून तें चेंडूसारखें सरळ न जातां वळत जातें. कितीही जोरानें सोडलें तरी वाटेंत तें आपल्या मर्जीनें वांकडें होतें. बळकट दंडाचा येथें कांहीं उपयोग नाहीं. पांच वर्षांच्या मुलीचें अंडें तळाशीं पोंचतें व व्यायामशाळेंतल्या मल्लाचें शेजारच्या झुडुपांत जातें, आणि सगळे हंसतात, मल्लही हंसतो. आपल्या पटांगणांत टेकडी नसेल तर एक लांब फळी दोन विटांवर तिरपी टेकवावी. तेवढी पुरे.

परंतु आमच्या मतें सर्वांत निर्मळ खेळ म्हणजे ग्रीक लोकांचा. ते लोक पवित्र सप्ताहाच्या गुरुवारीं अंडीं तांबडीं रंगवितात. हा तांबडा रंग ख्रिस्ताच्या रक्ताचें स्मरण होय. मग शनिवारच्या मध्यरात्रीं उपासना झाल्यावर, आणि पुन्हां ईस्टरच्या जेवणाच्या वेळीं, प्रत्येकजण आपलें अंडें मुठींत धरतो. दोघांनीं समोरासमोर यावें, एकानें "ख्रिस्त उठला आहे" असें म्हणावें, दुसऱ्यानें "खरोखर उठला आहे" असें उत्तर द्यावें, आणि टोंकावर टोंक आपटावें. ज्याचें फुटलें त्यानें तें सोलून खावें. ज्याचें अभंग राहिलें त्यानें पुढच्याशीं लढावें. ज्याचें शेवटपर्यंत टिकलें त्याला तें वर्ष सुदैवाचें जातें असें समजतात. बल्गेरिया, सर्बिया, आर्मेनिया येथेंही हा खेळ आहे, व इंग्लंडच्या ईशान्य भागांतही तो खेळतात.

या खेळाचे गुण पाहा. त्यास मैदान नको, शिटी नको, पैसा जवळजवळ नको. आजोबा व नातू एकाच पायरीवर येतात, आणि बहुधा नातू जिंकतो. हरणाऱ्याच्या हातांत फुटलेलें का होईना पण अंडें असतेंच, व तें त्यालाच खावयाचें असतें. शिवाय प्रत्येक वेळीं मुलाच्या तोंडून सणाची मुख्य ग्वाही निघते. ती पाठ करवून घ्यावी लागत नाहीं. आम्हीं वर्गांत एका तासांत जें शिकवूं तें येथें दहा मिनिटांत वीस वेळां आपोआप म्हटलें जातें. एकच सावधगिरी ठेवावी. रंगविलेलें लांकडी अंडें मुठींत लपवून आणणारा वीर प्रत्येक शाळेंत एखादा तरी असतो. त्याला शिक्षा करूं नये; त्याचें अंडें त्याला सोलून खावयास सांगावें.

रंगविण्याचें काम हाही खेळच आहे, आणि त्यांत आयांचें साहाय्य आम्हांस हवें आहे. बाजारी रंग आणूं नयेत. नाशिक-नगरच्या मुलखांत कांद्याच्या साली फुकट मिळतात. पातेल्यांत मूठमूठभर साली टाकून पाणी तांबूस होईपर्यंत उकळावें, त्यांत थोडा शिरका घालावा व अंडीं त्यांतच उकडावीं. पिवळसर तपकिरीपासून गडद तांबूस रंगापर्यंत हव्या त्या छटा निघतात. हळदीनें पिवळा व बिटानें गुलाबी रंग येतो, आणि तांबड्या कोबीच्या पाण्यांत शिरका घालून त्यांत अंडें रात्रभर ठेवलें तर तें निळें होतें. हें कसें होतें तें विद्यार्थ्यांनीं रसायनाच्या शिक्षकांस विचारावें. कोथिंबिरीचें एक पान ओल्या अंड्यावर चिकटवून वर फडकें घट्ट बांधावें व मग रंगांत बुडवावें. फडकें सोडलें म्हणजे पानाची पांढरी नक्षी उठलेली दिसते. हें पाहतांना मुलांचे चेहरे जसे होतात तसे बक्षीस घेतांना झालेले आम्हांस आठवत नाहींत.

येथें एक गोष्ट आरोग्याची. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हांही येतो, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यांत. उकडलेलें अंडें थंड जागेबाहेर दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि हवेंतील उष्णता ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर एका तासाहूनही अधिक नको, असें आरोग्यशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून शोधण्याचीं अंडीं व खाण्याचीं अंडीं हीं निराळीं असावीं. शोधण्यासाठीं लांकडाचीं, मातीचीं किंवा कागदाच्या लगद्याचीं अंडीं करावीं. आमच्या शाळेंत अशीं अनेक मुलें आहेत, ज्यांच्या घरीं अंडें शिजत नाहीं. त्यांस आग्रह करणें तर दूरच, पण बाजूस बसवून ठेवणेंही आम्हांस अशिष्ट वाटतें. मातीचें अंडें सर्वांच्या हातांत शोभतें. तें स्वतःच्या हातानें वळून, वाळवून व रंगवून आणावयाचें असेल तर आठवडाभर पुरेल एवढा उद्योगही होतो.

ज्या कामांत कोणीच हरत नाहीं असें आणखी एक काम आम्ही सुचवितों. सिसिली बेटांत गव्हाचे दाणे अंधारांत रुजवून ते फिकट अंकुर पवित्र गुरुवारीं वेदीपाशीं ठेवतात. आमच्याकडे नवरात्रांत घट बसवितात, त्यामुळें धान्य रुजविण्याची कृति येथल्या कोणत्याही मुलास नवी नाहीं. झावळ्यांच्या रविवारीं प्रत्येक मुलानें फुटक्या अंड्याच्या कवचांत, अथवा पणतींत, ओली माती घालून गहूं किंवा मेथी पेरावी. उत्तम शुक्रवारपर्यंत कोंब वर आलेले असतात, व ईस्टरच्या सकाळीं खिडकींत लहानसें शेत उभें राहतें. गव्हाचा दाणा भूमींत पडून मेल्यावांचून पीक देत नाहीं, हें प्रभूचें बोलणें मुलांस समजावून सांगण्यास याहून सोपा फळा कोणता?

राहिलेल्या खेळांविषयीं थोडक्यांत. चमच्यांत अंडें घेऊन धांवणें हें आमच्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीचेंच भावंड आहे; तें खुशाल खेळावें. डोळे बांधून चित्रांतल्या सशास शेपूट लावणें हें घरच्या लहान मेळ्यांत ठीक. शंभर मुलांच्या रांगेंत तें कंटाळवाणें होतें. सशाचा वेष घेऊन भर उन्हांत नाचणाऱ्या तरुण शिक्षकाची आम्हांस दया येते. ऑस्ट्रेलियांत सशांनीं शेतीचा व रानाचा विध्वंस केल्यामुळें पुष्कळ लोक सशाऐवजीं बिल्बी नांवाच्या तेथल्याच लांबकान्या प्राण्याच्या आकृति करूं लागले आहेत. यावरून जनावर कोणतें असावें याचा सणाशीं फारसा संबंध नाहीं हें उघड आहे. चॉकलेटचीं अंडीं ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यानें १८७३ सालीं इंग्लंडांत प्रथम आणलीं. थंड देशांत तीं गोड लागत असतील, पण आमच्या एप्रिलांत मुलांच्या हाताला व कपड्यालाच अधिक लागतात. गोव्यांत व वांद्र्यांत मार्झिपानचीं नक्षीदार अंडीं करतात, तीं आमच्या हवेस अधिक मानवतात. मात्र तीं वांटून खावयाचीं, जिंकावयाचीं नव्हेत.

आतां बक्षिसांच्या बाजूनें बोलणारांस उत्तर देणें प्राप्त आहे. ते म्हणतात, चुरस नसेल तर मुलें खेळणार नाहींत, आणि जगांत तर चुरस आहेच; तिची संवय लहानपणीं लागलेली बरी. चुरशीचे आम्ही शत्रु नाहीं. वर्षभर आमच्या शाळेंत पारितोषिकें आहेत. अभ्यासाचीं आहेत, वक्तृत्वाचीं आहेत, क्रीडांचीं आहेत. तीं योग्य हातीं जावींत म्हणून आम्ही श्रम घेतों. पण म्हणूनच म्हणतों कीं, जो मुलगा तीनशें चौसष्ट दिवस मागें राहतो, त्याला मागें राहण्याचा तीनशें पांसष्टावा दिवस ईस्टरचा कां असावा? ज्या सणाची वार्ताच मुळीं सर्वांना फुकट देण्याची आहे, त्या सणांत मोजमाप व क्रमांक आणले तर मुलें ती वार्ता खोटी समजतील. कारण मुलें प्रवचनापेक्षां पटांगणावर अधिक विश्वास ठेवतात. आणि चुरशीवांचून मुलें खेळत नाहींत म्हणावें, तर पहिल्या पावसांत कागदाच्या होड्या सोडणाऱ्या मुलांस कोण बक्षीस देतो?

आईबापांस आमची एवढीच विनंति कीं, पुढच्या ईस्टरला त्यांनीं दोराच्या बाहेर उभें राहावें, आणि घरीं परततांना "तुला किती मिळालीं?" असें विचारण्याऐवजीं "तुझ्या जोडीला कोण होतें?" असें विचारावें.

लपविणारांस एक सूचना. किती अंडीं लपविलीं व कोठें, हें कागदावर लिहून ठेवावें, आणि खेळ संपल्यावर पाटींतल्या अंड्यांशीं तो कागद ताडून पाहावा. पटांगण सोडण्यापूर्वीं जीं सांपडलीं नसतील तीं थोरल्या मुलांस शोधावयास लावावें; वेलींत दडलेल्या खऱ्या अंड्याची आठवण पावसाळा लागण्यापूर्वीं साऱ्या शाळेस नाकानें होते.